एकावन्न नंबरचं घर

महाराष्ट्राबाहेर जाऊन राहिलेल्या मराठी माणसाच्या सामानातून सगळ्यांत आधी काय हरवत असेल, तर तो ळ. तांब्या-पितळेची भांडी टिकतात, गौरी-गणपती टिकतात, चकलीचा सोऱ्याही चार पिढ्या टिकतो. ळ मात्र शेजाऱ्यांच्या तोंडी पडला की झिजायला लागतो. इंदूरकडे होळकरांचे होल्कर झाले, ते हिंदीच्या जिभेला ळ ची सवय नाही म्हणून. तिथल्या माळव्याचा मालवा होतो आणि साळव्यांचा सालवे. कोणी मुद्दाम करत नाही. जिभेला जे वळण नाही ते ती आपल्या सोयीने सरळ करून घेते, इतकंच.

आम्ही वडोदऱ्याची मंडळी या बाबतीत नशीबवान. गुजरातीला स्वतःचा ळ आहे, आणि तो चांगला ठणठणीत आहे. गुजरातीत फळ म्हणजे फळ, मूळ म्हणजे मूळ, काळो म्हणजे काळा. गुळाला तिथे गोळ म्हणतात आणि केसांना वाळ. बेळगावकर वाचकांना हे सांगायला नकोच, कारण त्यांच्या शेजारची कन्नडही ळ च्या बाबतीत श्रीमंत आहे. सीमाप्रश्नात कोणाचं काय खरं, हा वाद आज इथे काढत नाही. पण बेळगाव म्हणा नाहीतर २०१४ च्या नोव्हेंबरपासून सरकारदप्तरी झालेलं बेळगावी म्हणा, मधला ळ दोन्हीकडे शाबूत आहे. तो पडतो फक्त इंग्रजीत लिहिताना.

आमचं आडनाव काळे. महाराष्ट्रात या आडनावाकडे कोणी वळून बघत नाही. वडोदऱ्यात मात्र त्याची एक गंमत आहे. गुजरातीत 'काले' म्हणजे उद्या, आणि 'काले' म्हणजेच कालही. 'गई काले' आणि 'आवती काले' असं पुढे-मागे काही लावलं म्हणजे कुठला दिवस ते ठरतं. म्हणजे ळ चा ल झाला, की आमचं अख्खं घराणं एकतर कालचं होतं नाहीतर उद्याचं. आजचं काही राहत नाही. शाळेत मास्तर हजेरी घ्यायचे तेव्हा मुलं यावर हसायची. पण मास्तर गुजराती होते, ळ स्पष्ट म्हणायचे, त्यामुळे विनोद फार वाढला नाही.

ळ शी आमच्या घराचा संबंध आडनावापुरता नाही. वडील रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. मराठी लग्नपत्रिका, गुजराती हँडबिलं, भजनी मंडळाची पुस्तकं असं सगळं तिथे व्हायचं. गुजराती खिळ्यांची केस वेगळी, देवनागरीची वेगळी. बाबा डाव्या हातात स्टिक धरून उजव्या हाताने न बघता खिळे उचलायचे, आणि एका दिवसात दोन्ही केसांवर काम करायचे. त्यांच्या दृष्टीने ळ दोन होते. एक डोक्यावर रेघ घेतलेला, पोटाशी दोन गोळे असलेला, आपला. दुसरा रेघ नसलेला, वेगळ्याच वळणाचा, गुजरातीचा. आवाज एक, पण धातूचे तुकडे दोन, आणि एकाच्या खणातला दुसऱ्याच्या खणात गेला तर दिवसभराचं काम वाया. "आवाजावर जाऊ नको, खणावर जा," असं ते नवीन पोराला सांगायचे.

गुजराती लिपीच्या डोक्यावरची ही रेघ का गेली, याचं उत्तर मोडी पाहिलेल्यांना लगेच कळेल. हिशेब आणि पत्रं भराभर लिहायची तर प्रत्येक अक्षरावर रेघ ओढत बसायला व्यापाऱ्याला वेळ कुठला? पूर्वी गुजरातेत पोथ्या नागरीत लिहीत आणि वह्या या व्यापारी लिपीत. तिला वाणियाशाई म्हणत, सराफी म्हणत, महाजनीही म्हणत. आपल्याकडे पोथी बाळबोधीत आणि दफ्तर मोडीत, तसंच ते. फरक पडला तो छापखान्यामुळे. १८२२ साली फर्दुनजी मर्झबान यांनी मुंबईत 'मुंबई समाचार' काढला तो गुजराती लिपीत, आणि ते वर्तमानपत्र आजही निघतं. वहीतली लिपी छापखान्यात शिरली, पुस्तकांत गेली, पाठ्यपुस्तकांत गेली आणि राज्याची लिपी झाली. मोडी मात्र छापखान्याच्या उंबऱ्यावर अडखळली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळेतूनही बाहेर पडली. आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत तिन्ही प्रकारचे कागद आहेत: पणजोबांचे मोडीतले, आजोबांच्या वेळचे भाषा गुजराती पण अक्षर बाळबोध असे संस्थानी, आणि बाबांच्या वेळचे सरळ गुजरातीतले.

१९९५ साली मी दांडिया बाजारात डीटीपीचं छोटं दुकान टाकलं. बाबांना ते पाहायला घेऊन गेलो. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, कळफलकाकडे पाहिलं आणि विचारलं, "ळ कुठल्या खणात?"

या प्रश्नाचं खरं उत्तर त्या वेळी माझ्याकडेच काय, कुणाकडेही धड नव्हतं. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक आकडा द्यायचा आणि तो आकडा आला की पडद्यावर अमुक चित्र काढ असं सांगायचं, एवढीच सगळी व्यवस्था. इंग्रजीला असे ठरलेले आकडे केव्हाच मिळाले होते. आपल्या लिप्यांसाठी सरकारने १९८८ साली एक तक्ता केला, तो सुधारून १९९१ साली भारतीय मानक म्हणून जाहीर झाला. इस्की हे त्याचं नाव. पण बाजारात आमच्यासारख्यांच्या दुकानांत जे फॉन्ट चालत, ते बहुतेक वेगळीच युक्ती करत. इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर गुजराती चित्रं चिकटवून मोकळे होत. यंत्राच्या दृष्टीने मी इंग्रजीतच काहीतरी अगम्य लिहीत असे; चित्र तेवढं गुजराती दिसे. आणि कुठल्या आकड्यावर कुठलं चित्र, हे प्रत्येक फॉन्ट करणारा आपापलं ठरवी. एका फॉन्टमधला ळ दुसऱ्यात उघडला की तिथे कंस निघे, स्वल्पविराम निघे, नाहीतर भलतंच जोडाक्षर. बाबांच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक छापखान्याची केस निराळी, आणि एकाने जुळवलेलं पान दुसऱ्याला वाचताच येत नाही. गिऱ्हाईक फ्लॉपी घेऊन यायचं आणि मी आधी विचारायचो, "फॉन्ट कुठला?" हा प्रश्न आमच्या धंद्यात नाव विचारण्याच्याही आधीचा होता.

दरम्यान, आमच्या दांडिया बाजारात कोणाला पत्ता नसताना, जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच मोठ्या तक्त्यात बसवायचं काम सुरू झालं होतं. युनिकोड त्याचं नाव. १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती आणि गुजरातीही होती. आपल्या लिप्यांची मांडणी त्यांनी इस्कीच्या तक्त्यावरून घेतली, आणि तिथेच एक फार सुंदर गोष्ट झाली. ती मला कळली तेव्हा मी आकडे कागदावर मांडून तीनदा तपासले.

एक मोठं शहर आहे असं समजा. त्यात आपल्या नऊ लिप्यांच्या नऊ गल्ल्या एकीला लागून एक: देवनागरी, बंगाली, गुरुमुखी, गुजराती, ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम. प्रत्येक गल्लीत बरोबर १२८ घरं. देवनागरीची गल्ली २३०४ पासून सुरू होते, गुजरातीची २६८८ पासून, कन्नडची ३२०० पासून. आणि घरं वाटताना असं ठरवलं, की एका आवाजाच्या अक्षराला शक्य तोवर प्रत्येक गल्लीत त्याच नंबरचं घर द्यायचं. गल्लीच्या तोंडाचं घर शून्य धरून मोजत गेलं की पन्नासावं घर ल चं आणि एकावन्नावं ळ चं. देवनागरी ळ चा आकडा २३५५, गुजराती ळ चा २७३९, कन्नड ळ चा ३२५१. आपापल्या गल्लीचा पहिला आकडा वजा करून पाहा, उत्तर प्रत्येक वेळी ५१. गुरुमुखीत, ओडियात, तमिळ, तेलुगू, मल्याळममध्ये, सगळीकडे ळ एकावन्न नंबरला. बंगालीला ळ नाही, तर त्या गल्लीतलं ते घर रिकामं ठेवलंय, पण दुसऱ्या कोणाला दिलेलं नाही.

साठवताना यंत्र या आकड्याचे तीन लहान आकडे करतं. आपल्या ळ चे होतात २२४, १६४, १७९. गुजराती ळ चे होतात २२४, १७०, १७९. पहिला तोच, शेवटचा तोच, मधल्यात सहाचा फरक. वडोदऱ्यातल्या आम्हां मराठी माणसांचं आणि आमच्या गुजराती शेजाऱ्यांचं नातं इतक्या नेमक्या आकड्यात मला दुसऱ्या कोणी सांगितलेलं नाही.

कळफलकाचंही तसंच. इनस्क्रिप्ट नावाचा जो सरकारमान्य कळफलक आहे, त्यात इंग्रजी एनच्या कळीवर ल आहे, आणि तीच कळ शिफ्टसह दाबली की ळ. मराठी निवडलेली असो की गुजराती, कळ तीच. बाबांना दोन केसा पाठ कराव्या लागल्या होत्या, मला एकच पुरली. पण याचा दुसरा अर्थही बघा. ल आणि ळ एकाच कळीचे दोन मजले आहेत. डाव्या हाताच्या करंगळीने आळस केला, की काळे संपले आणि काले आले.

हे सगळं ठरलं १९९१ साली, आमच्यापर्यंत पोचायला मात्र दहा-पंधरा वर्षं लागली. विंडोज २००० बरोबर देवनागरीचा मंगल फॉन्ट आला. गुजरातीचा श्रुती आला तो २००१ च्या एक्सपीबरोबर. त्यानंतरही आमच्यासारखी दुकानं कित्येक वर्षं जुन्याच फॉन्टांवर चालली, कारण छपाईची सगळी सामग्री त्यांच्यावर बसलेली. घर नंबर तयार होता, पण राहायला कोणी जात नव्हतं.

तांत्रिक गोष्ट इथवर. आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो.

बाबा २०१७ साली गेले. घर त्यांच्या नावावर, ते आईच्या नावावर करायचं. वारसाईचं काम म्हणजे कागदांची जत्रा. एका कार्यालयात (नाव लिहीत नाही, आणि नावाने काही फरकही पडत नाही) अर्ज दिला. जुनं रजिस्टर हाताने लिहिलेलं होतं. त्यात कोणा कारकुनाच्या वळणदार गुजराती अक्षरात आमचं आडनाव ळ सकट होतं. पण आता नोंदी संगणकावर गेलेल्या. छापून आलेल्या उताऱ्यात बाबांचं आडनाव काले. आईचंही काले.

कसं झालं असेल ते मला, धंद्यातला असल्यामुळे, उतारा पाहताक्षणी उमगलं. नावं आधी कुठेतरी इंग्रजी अक्षरांत भरली गेली असणार. इंग्रजीत काळे लिहा, काले लिहा, स्पेलिंग एकच. मग त्या इंग्रजीवरून यंत्राने पुन्हा गुजराती केलं. यंत्रासमोर दोन घरं, पन्नास आणि एकावन्न. इंग्रजी चिठ्ठीवर नुसतं 'एल' लिहिलेलं. त्याने शेजारचं, जास्त वापरातलं दार वाजवलं. २७३९ च्या जागी २७३८ पडला. एका आकड्याचा फरक. यात कोणाचा द्वेष नाही, कपट नाही. पण घर ज्याच्या नावावर होतं तो माणूस आता कागदोपत्री दुसराच कोणीतरी होता.

खिडकीतल्या भाऊसाहेबांनी समजुतीने घेतलं. म्हणाले, सोपं आहे, एक सोगंदनामुं करून द्या की काळे आणि काले ही एकच व्यक्ती. स्टँपपेपरवर आईची सही झाली की काम पुढे जाईल. वकील तयार, नोटरी तयार, मजकूर तर माझ्याच दुकानात टाइप केलेला.

आई सही करेना.

वय ब्याऐंशी. डोळ्याला कमी दिसायचं, पण मजकूर तिने भिंग घेऊन पूर्ण वाचला. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाली, "यात लिहिलंय की मी काले या नावानेही ओळखली जाते. मला या नावाने कोण ओळखतं? एकाचं नाव सांग." मी म्हटलं, आई, रीत आहे ती, सगळे करतात. ती म्हणाली, "रीत असेल. पण शपथ माझी आहे ना? खोटं मी शपथेवर कसं सांगू?"

हट्ट वाटला. घरात सगळ्यांनाच वाटला. बहीण पुण्याहून फोनवर समजावून थकली. माझा मुलगा म्हणाला, "आजी, एका अक्षराने काय होतं?" तेव्हा ती जे म्हणाली ते मी विसरलेलो नाही. म्हणाली, "तुझे आजोबा एका अक्षरासाठी अख्खं पान पुन्हा छापायचे. मालक ओरडायचा. एकदा आठ आणे पगारातून कापले. त्यांच्या नावावर चुकीचा खिळा ठेवून मी सही करू होय?"

दुसऱ्या दिवशी ती रिक्षा करून माझ्याबरोबर त्या कार्यालयात आली. खिडकीतले गृहस्थ सज्जन होते. त्यांनी तिला आत बोलावून खुर्ची दिली. म्हणाले, "माजी, ल होय के ळ, शुं फेर पडे?" आईने वडोदऱ्यात साठ वर्षं काढलेली, तिची गुजराती त्यांच्याइतकीच चांगली. ती म्हणाली, "फेर तो पडे, भाई. दुकाने गोळ लेवा जाव ने गोल आपे तो चाले?" गोळ म्हणजे गूळ, आणि गोल म्हणजे फुटबॉलमधला. शेजारच्या टेबलावरचे हसले. हेही हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी जुनं रजिस्टर मागवलं, त्यातला ळ स्वतः पाहिला, आणि म्हणाले की मग सोगंदनामुं नको, नोंद-दुरुस्तीचा अर्ज द्या. वेळ लागेल. आणि शेवटी सवयीने म्हणाले, "काले आवजो."

वेळ लागला. अकरा महिने. मधे एकदा दुरुस्त झाल्याचं कळलं म्हणून गेलो, तर यादी आडनावांच्या अकारविल्ह्याने लावलेली. मी आमचं नाव शेवटी शोधत राहिलो, कारण शाळेत आपण काय, गुजराती मुलं काय, सगळ्यांनी श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ अशीच मुळाक्षरं घोकलेली. ळ ह च्या मागे. पण यंत्राने आकड्यांवरून लावलं होतं, आणि आकड्यांत ळ ल च्या लगेच मागे, व च्या पुढे. काळे कावळ्यांच्या आधी उभे होते. सापडले, पण बाबांचा ळ झाला होता आणि आईचा ल च राहिला होता. नवरा एकावन्नात, बायको पन्नासात. पुन्हा अर्ज.

शेवटी ज्या तरुण मुलीने ते काम केलं, ती कंत्राटी ऑपरेटर होती. मी तिच्या मागे उभा होतो. तिने आईचं नाव उघडलं, ल खोडला, करंगळीने शिफ्ट दाबून तीच कळ पुन्हा दाबली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बस? आटलुं ज?" एवढंच. अकरा महिन्यांचं काम अर्ध्या सेकंदात झालं. आईला उतारा आणून दिला तेव्हा तिने भिंग मागितलं, दोन्ही नावं पाहिली, आणि कागद ट्रंकेत ठेवायला सांगितला. कौतुक नाही, विजय नाही. गॅसवरचं दूध बघायला उठली.

या निमित्ताने मी गुजरातीची सगळी गल्ली पालथी घातली. कोणाकोणाची घरं आहेत ते पाहिलं. गल्लीच्या अगदी टोकाला, एकशे एकविसाव्या घरात, २८०९ या आकड्यावर, २०१५ साली एक नवीन बिऱ्हाड आलंय. झ सारखा पण घासून निघणारा एक आवाज. गुजराती बोलण्यात तो लागत नाही. तो लागतो पारशांना, अवेस्तातल्या प्रार्थना गुजराती लिपीत छापताना. त्यांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकांत हे अक्षर होतं, म्हणून त्याला घर मिळालं. त्याच्या पलीकडे शेवटची सहा घरं २०१७ साली भरली: अरबी मजकूर गुजराती लिपीत लिहिताना खोजा मंडळी जी विशेष चिन्हं वापरतात ती. पारशी किती, खोजे किती, असं कोणी विचारलं नाही. छापलेले कागद दाखवा, अक्षर वापरलं गेलंय हे दाखवा, घर घ्या. हा न्याय मला फार आवडला. आमच्या मोडीलाही या न्यायाने २०१४ साली स्वतंत्र गल्ली मिळाली. पणजोबांच्या पत्रातलं अक्षर आता पडद्यावर उमटवता येतं. वाचायला माणसं हवीत, ती वेगळी गोष्ट.

आणि ळ च्या शेजारची दोन घरं रिकामी आहेत. एकोणपन्नास आणि बावन्न. देवनागरीच्या गल्लीत एकोणपन्नासाव्या घरात ऱ राहतो. तोच, ज्याला हलन्त जोडून पुढे य घातला की आपण दऱ्या लिहितो, सुऱ्या लिहितो, आणि वडोदऱ्याला लिहितो. गुजरातीला हा लागत नाही, म्हणून तिथे २७३७ वर कोणी नाही. म्हणजे ज्या गावात मी जन्मलो त्या गावाला 'वडोदऱ्याला' जातो असं मराठीत म्हणायचं, तर ते अक्षर गावाच्या स्वतःच्या लिपीत राहू शकत नाही. घर आहे, अंगण आहे, राहणारा नाही. आम्हां बाहेरच्या मराठी माणसांचं असंच चालतं. काही आवाजांना इथे शेजारीच घर मिळतं, काही आवाज फक्त स्वयंपाकघरात बोलायचे. त्याची तक्रार नाही. पण ज्या आवाजाला हक्काचं घर आहे, त्याला तरी आळसाने बाहेर काढू नये.

यंत्राच्या न्यायातही गंमत आहे. मराठी आणि हिंदी त्याच्या लेखी एकाच गल्लीत राहतात, कारण लिपी एक. आपला ल आणि हिंदीचा ल दिसायला वेगळे असले तरी आकडा २३५४ च. आणि ज्या गुजरातीचा ळ माझ्या तोंडात माझ्या ळ सारखाच येतो, ती दुसऱ्या गल्लीत. मी देवनागरीत काळे असं शोधलं तर गुजराती कागदावरचे आम्ही सापडत नाही. बाबा म्हणायचे तेच: आवाजावर जाऊ नको, खणावर जा. पण ते स्वतः दोन्ही खणांवर सारख्याच मायेने जायचे.

आई २०२२ साली गेली. दाखला हातात आला तेव्हा मी आधी तारीख पाहिली नाही, ळ पाहिला. होता. भरणाऱ्याने शिफ्ट दाबली होती.

तेव्हा यंदा फराळ झाल्यावर, घरातली जुनी माणसं बसलेली असताना, तुमच्याही घरचे छापील कागद एकदा काढा. उतारा, पेन्शनचं पुस्तक, रेशनकार्ड, जे असेल ते. गुजरातीत असोत, कन्नडमध्ये असोत वा मराठीत. कुळकर्णी, माळी, केळकर, साळवी, धुमाळ, पिंगळे जे कोणी असाल, आपला ळ जागेवर आहे का बघा. नसेल तर जुना हस्तलिखित कागद बरोबर घेऊन जा आणि दुरुस्तीचा अर्ज द्या. काले आवजो म्हणतील. काले जा. काम अर्ध्या सेकंदाचं आहे.